चिमीचा चार वाजताचा तास

जाड पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरात एक सूची असते. कोणता शब्द, कोणतं नाव, कोणता विषय कुठल्या पानावर आलाय, ते ओळीने लिहिलेलं असतं. ती सूची आपोआप उगवत नाही, कोणीतरी बसून करतं. हे मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता झोपेतही सांगेन. तुमची बहीण काय करते असं कोणी विचारलं, की मी माप घेता घेता सांगते, ती पुस्तकांच्या सूची करते. समोरची बाई मान डोलावते आणि थोड्या वेळाने विचारते, हो, पण नोकरी कुठे करते? तेव्हा माझ्या हातून टेप जरा जास्तच आवळला जातो.

चिमी माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी कपडे शिवते. पुढच्या खोलीत माझं दुकान, मधल्या खोलीत बाबांची खुर्ची, मागच्या खोलीत चिमीचं टेबल. तिन्ही खोल्या एका रेषेत आहेत. मधली दारं उघडी असली की मशीनवर बसल्या बसल्या मला चिमीची पाठ दिसते आणि तिला माझी बडबड ऐकू जाते. माझं लग्न झालं, फिसकटलं आणि मी मशीन घेऊन परत आले. चिमीने त्या भानगडीत पडायचंच नाही असं ठरवलं. आई फार लवकर गेली. असे आम्ही तिघं, आणि मला विचाराल तर आमचं बरं चाललं होतं.

चिमी आणि ठकू ही बाबांनी ठेवलेली नावं. चिमी हे नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. मला मात्र ठकू म्हणणारे एकटे बाबाच. चिमी ताई म्हणते, गिऱ्हाइकं बाई म्हणतात, आणि ज्यांचे कपडे वेळेवर मिळालेले नसतात ती काहीच म्हणत नाहीत, नुसती उभी राहतात. माझा आवाज पहिल्यापासून मोठा, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. मी कोणावर तापले की मधल्या खोलीतून, वर्तमानपत्र खाली न घेता, बाबा म्हणायचे, "ठकू, हळू." दोनच शब्द, मी आठ वर्षांची असल्यापासून. मला त्याचाही राग यायचा.

आता चिमीच्या धंद्यातला एक शब्द सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तो शब्द म्हणजे 'पाहा'. समजा, पुस्तकात साप बऱ्याच पानांवर आलाय. वाचणाऱ्यांपैकी कोणी 'साप' शोधेल, कोणी 'सर्प'. तर पानांचे आकडे दोन्हीकडे लिहायचे नाहीत. ते फक्त 'साप'पुढे लिहायचे, आणि 'सर्प'पुढे लिहायचं, 'पाहा : साप'. एक गोष्ट एकाच जागी, बाकी ठिकाणी नुसता तिचा पत्ता. हा चिमीचा धर्म. आणि त्या धर्मातलं सगळ्यांत मोठं पाप म्हणजे वर्तुळ. 'साप, पाहा : सर्प' आणि 'सर्प, पाहा : साप'. वाचणारा बिचारा फेऱ्या मारत राहतो, पान काही हाती लागत नाही. असं वर्तुळ कुठल्या छापील पुस्तकात सापडलं की चिमी ते पुस्तक घेऊन तडक दुकानात यायची आणि चोराला रंगेहाथ पकडल्यासारखी मला दाखवायची. असल्या माणसांना काम देतात तरी कोण, असं म्हणायची. मी तोंडात टाचण्या धरून हं हं करायची.

हा काटेकोरपणा तिने बाबांकडून घेतला. बाबा बस डेपोत वेळापत्रकं आखायचे. चादरीएवढा कागद, एक पट्टी, दोन पेन्सिली आणि दीडशे बसगाड्या. घरातसुद्धा ते साडेसात म्हणाले की साडेसातलाच ताटावर बसायचे, सात एकतीसला नाही. गेल्या वर्षी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. मेंदूत गुठळी झाली होती. पाय पंधरा दिवसांत सुधारले, हात महिन्याभरात. शब्द मात्र गेले ते गेले. कळायचं सगळं. काय म्हणायचंय तेही त्यांना ठाऊक असायचं, पण तोंडातून भलतंच बाहेर पडायचं. पाणी हवं असलं की 'खिडकी' म्हणायचे, आणि स्वतःच मान हलवायचे की नाही, हे नव्हे. चिमीला चिमी म्हणायचे. मलाही चिमीच म्हणायचे, नाहीतर 'ती'.

त्यात काय मोठंसं, आजारी माणूस आहे, असं मी सगळ्यांना सांगायची. पण मला वाईट वाटायचं. साफ वाईट वाटायचं. भांडी घासताना जास्त वाटायचं, का ते माहीत नाही.

दर आठवड्याला त्यांना बोलणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे न्यायचं ठरलं. बाई चांगल्या होत्या, पण गोड बोलून खोटी आशा लावणाऱ्यातल्या नव्हत्या. पहिलं वर्ष महत्त्वाचं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. त्या वर्षात जेवढे शब्द परत येतील तेवढे आपले, पुढे हळूहळू वाट बंद होत जाते. घरी रोज एक तास सराव झालाच पाहिजे. एकाच माणसाने, एकाच वेळी. आणि घरात शांतता ठेवा, घाई करू नका, आवाज चढवू नका.

शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून बोलल्या असं मला वाटलं. त्या दिवसापासून मी आवाज खाली आणला तो आणलाच. बाह्या आखूड झाल्याची तक्रार करणाऱ्या बाईंशीही मी पाहुण्यांशी बोलावं तसं बोलू लागले. दोन गिऱ्हाइकांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

आणि चिमीने प्रकाशकाच्या कचेरीतली नोकरी सोडली. बारा वर्षांची नोकरी, एका शुक्रवारी. आता घरूनच, फ्रीलान्स, तीन-चार प्रकाशकांची कामं घ्यायची, आणि चार ते पाच हा तास बाबांचा. त्या तासासाठीच तर हे सगळं, असं ती म्हणाली. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी विचारलं की दुपारचा चहा मग चारच्या आधी की नंतर.

पहिले दोन महिने चार वाजले की चिमी टेबलावरून उठायची. बाबा पाच मिनिटं आधीच चष्मा लावून, हात मांडीवर ठेवून बसलेले असायचे. ती वस्तू समोर धरायची, ते शब्द शोधायचे. कधी सापडायचा, बहुतेक वेळा नाही. पण पाचला दोघं हसत उठायची.

मग कामं वाढली. पुलांवरचं एक पुस्तक, पक्ष्यांवरचं एक, दोन चरित्रं, आणि सगळ्यांना सूची परवाच हवी. कचेरीत असताना कुठलं काम आधी हे साहेब सांगायचे. आता साहेब नाही, आणि तेही ज्याला-त्याला हो म्हणून बसलेली ही. तिची तारांबळ बघून पुस्तकांची मुखपृष्ठं करणाऱ्या एका मैत्रिणीने सांगितलं की अगं, हल्ली ह्यासाठी ॲप्स असतात. माझं अख्खं आयुष्य एका ॲपमध्ये आहे.

चिमीने एक ॲप घेतलं नाही. चिमीने अकरा घेतली, आणि त्यांची तुलना करायला एक तक्ता बनवला.

एका ॲपमध्ये कामांच्या चिठ्ठ्या असायच्या आणि त्या एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात बोटाने सरकवायच्या. एकात सगळा आठवडा रंगीत चौकोनांचा दिसायचा, गोधडी पसरल्यासारखा. पक्षी हिरवे, पूल निळे, बाबा केशरी. एक ॲप पंचवीस मिनिटं झाली की टिंग वाजवायचं आणि पाच मिनिटं विश्रांती घ्या म्हणायचं. विश्रांतीत ती दुसरी ॲप्स बघायची. आणखी एकात एक रोपटं होतं. फोनला हात न लावता काम केलं तर ते वाढायचं, हात लावला तर मरायचं. एकदा मी दुकानातून तिला फोन केला, की दारात वीज बोर्डाचा माणूस आलाय, जरा येतेस का. तर ती बाहेर आली ती हिरमुसलेलं तोंड घेऊन. रोपटं गेलं होतं. पावणेदोन तासांचं होतं म्हणे. मी मनापासून दिलगिरी व्यक्त केली.

माझ्याही फोनमध्ये तिने एक यादी घालून दिली. बाबांची सकाळची गोळी दिली की तिथे बरोबरची खूण करायची. मी म्हटलं, गोळी माझ्या हाताने त्यांच्या तोंडात जाते, मला वेगळं कोण सांगायला हवंय? ती म्हणाली, पण ते मला दिसायला नको का. मग मी खडूने भरलेल्या बोटांनी खुणा करू लागले. एकदा गोळी द्यायची राहिली आणि खूण झाली. ते मी चिमीला आजवर सांगितलेलं नाही.

माझी पद्धत साधी आहे. कापड आलं की एक चिठ्ठी, तिच्यावर नाव, वार आणि काय शिवायचं ते, आणि ती त्याच कापडाला टाचायची. मग कापड दांडीवर. पुढचं आधी, मागचं नंतर. चिठ्ठी कापडाला सोडून कुठे जात नाही आणि कापड चिठ्ठीला सोडून. चिमी म्हणायची, ताई, तुझ्याकडे तीस कापडं असतात म्हणून चालतं, माझ्याकडे नऊ हजार नोंदी आहेत. मी गप्प बसायची. गप्प बसायची सवयच लागली होती.

पण मशीनवरून मला दिसत होतं. चार वाजता बाबा चष्मा लावून बसायचे आणि चिमीची पाठ तशीच असायची. आले हं बाबा, एवढं ह्यातून त्यात घेते, असं म्हणायची. ह्यातून त्यात म्हणजे एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये, कारण आधीचं तक्त्यात मागे पडलेलं असायचं. चारचे सव्वाचार झाले, सव्वाचारचे साडेचार. रंगीत गोधडीत केशरी चौकोन बरोब्बर चार ते पाच होता. एकदा तिने तो मला दाखवलाही, की बघ, बाबांचा तास कसा एकही दिवस चुकलेला नाही. बाबा पलीकडे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मला तेव्हाच बोलायला हवं होतं, मोठ्याने. मी म्हटलं, छान रंग आहे.

आणि मग तो मंगळवार आला.

दर तीन महिन्यांनी त्या बाई बाबांची नीट तपासणी करायच्या, किती शब्द आले, किती नाही. त्यावर पुढे दर आठवड्याची जागा मिळणार की नाही ते ठरायचं, कारण रांगेत माणसं पुष्कळ. त्या वेळची तपासणी गुरुवारी होती. बाईंच्या मदतनिसाचा फोन आला की गुरुवारऐवजी मंगळवारी अकरा वाजता या. फोन चिमीने बाबांच्या खुर्चीपाशी उभं राहून घेतला आणि मंगळवारी अकरा, असं दोनदा म्हटलं. नंतर टेबलाशी जाऊन तिने नोंद केली.

त्या मंगळवारी सकाळी दहा वाजता बाबा बूट घालून दाराशी येऊन बसले. नाड्यासुद्धा स्वतः बांधल्या होत्या, एकीची गाठ सैल होती. मी विचारलं, फिरायला जायचंय का. त्यांनी मान हलवली, नाही. 'ते' म्हणाले, मग 'खिडकी' म्हणाले, मग हात आपटला. घड्याळाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, हो बाबा, दहा वाजून दहा मिनिटं. दुकानात एक बाई कोट घालून बघत उभ्या होत्या, त्यांच्या खांद्याला टाचण्या लावलेल्या. आत चिमी पक्ष्यांमध्ये बुडालेली. मी खाली बसले, बाबांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले आणि कपाटात ठेवले. दुपारी जाऊ हं फिरायला, असं म्हटलं. अगदी हळू, गोड आवाजात म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी बघायचं सोडून दिलं.

साडेअकराला फोन वाजला की तुम्ही आला नाहीत. पुढची तपासणी आता तीन महिन्यांनी. तोवर दर आठवड्याची जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला द्यावी लागेल. घरचा सराव मात्र सोडू नका, ह्या तीन महिन्यांत जे होईल ते घरीच.

मला कपाटातले बूट आठवले. त्यांना सगळं माहीत होतं. दीडशे गाड्यांचं वेळापत्रक ज्यांनी डोक्यात वागवलं, त्यांना एक मंगळवार लक्षात राहणार नाही? त्यांना फक्त ते सांगता येत नव्हतं, आणि ज्यांना सांगता येत होतं त्या आम्ही दोघी, एक फोनमध्ये आणि एक टाचण्यांमध्ये.

चिमी पांढरीफटक पडली. नोंद केलीय, मी स्वतः केलीय, असं म्हणत तिने फोन उघडला. आम्ही दोघी तिच्या टेबलाशी उभ्या होतो. रंगीत आठवड्यात मंगळवारी एक केशरी ठिपका होता. त्यावर बोट ठेवलं. लिहिलं होतं, 'बाबा, तपासणी. पाहा : यादी.' तिने यादी उघडली. 'बाबा, तपासणी. पाहा : टिपणं.' टिपणांच्या ॲपमध्ये गेली. तिथे लिहिलं होतं, 'बाबा, तपासणी. पाहा : कॅलेंडर.'

वार आणि वेळ कुठेच नव्हती. एक गोष्ट एकाच जागी लिहायची ह्या तिच्या धर्माप्रमाणे तिने वार-वेळ एका ठिकाणी लिहून बाकी दोन ठिकाणी पत्ता दिला होता. मग ह्यातून त्यात घेताना ती एक जागाही पुसली आणि तिथेही पत्ता टाकला. मग आठवण द्यायला वाजणार काय? पत्त्याला वेळ नसते.

चिमी खुर्चीत बसली. "ताई," ती म्हणाली, "वर्तुळ केलं मी. बाबांचं."

रागावण्यासारखं पुष्कळ होतं. पण मी तरी कोणत्या तोंडाने रागावणार होते? बूट मी काढले होते. मी चहा ठेवला. चहा झाल्यावर चिमी बाबांसमोर जमिनीवर बसली आणि काय झालं ते तिने त्यांना पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग तिच्या हातातला फोन घेतला, उलटा करून खुर्चीखाली ठेवला आणि घड्याळाकडे बोट दाखवून चार बोटं वर केली. चार वाजता ये, असं. कसलं मन असतं बघा एकेका माणसाचं. त्यांच्या जागी मी असते तर महिनाभर तोंड बघितलं नसतं.

दुसऱ्या दिवशी अकरापैकी दहा ॲप्स गेली. एक कॅलेंडर ठेवलं, कारण पक्ष्यांना आणि पुलांना वेळेवर जायचं होतं, आणि ते वाजायचं काम चोख करतं. त्यात तिने नियम केला, की पाहा हा शब्द लिहायचा नाही. रोपटं काढताना जरा थांबली, पण काढलं. चार ते पाच फोन माझ्या दुकानात, बटणांच्या खणात. पहिल्या दिवशी तो खणात थरथरला तेव्हा सगळी बटणं नाचली आणि मी दचकून शिवण वाकडी घातली. आता तो बंद करूनच देते.

मग तिने माळ्यावरून बुटांचं एक खोकं काढलं. कॉम्प्युटर नव्हता तेव्हा ती जाड कागदाच्या पत्त्यांवर, म्हणजे कार्डांवर, सूची करायची, त्यातले कोरे पत्ते शिल्लक होते. त्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी एकदा सांगितलं होतं की शब्द अडला तर त्याच्या शेजारचा शब्द द्या, कधी कधी शेजाऱ्याचं दार वाजवलं की हाही बाहेर येतो. चिमीला तेव्हा ते नुसतं पटलं होतं. आता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. शेजाऱ्याचा पत्ता द्यायचा, म्हणजे हा तर माझाच धंदा, असं म्हणत ती दुकानभर फिरली.

तिने बाबांच्या हरवलेल्या शब्दांची सूची करायला घेतली. एका पत्त्यावर एक शब्द, आणि खाली शेजारी. 'चष्मा. पाहा : नाक, वर्तमानपत्र, शोधणे.' 'पाणी. पाहा : तांब्या, तहान, गोळी.' शब्द आला की पत्त्याच्या पाठीवर तारीख. बाबांना हे खेळणं भलतंच आवडलं. चारला पाच कमी असताना खोकं मांडीवर घेऊन तयार. पत्ता ते स्वतः काढायचे, स्वतः जागच्या जागी लावायचे, आणि चिमीने एखादा चुकीच्या अक्षराखाली घातला तर बोट आपटायचे. डेपोतले बाबा परत आले होते, फक्त आवाज बंद ठेवून.

आणि शब्द येऊ लागले. भराभर नाही, पण येऊ लागले. चष्मा आला. जिना आला. पाणी यायला तीन आठवडे लागले, पण आलं, आणि त्या दिवशी ते पाच वेळा पाणी पाणी म्हणून पाच पेले प्यायले, मग रात्रभर उठत बसले. झुरळ हा शब्द चहाच्या आधी आला, कारण झुरळ समोर होतं. त्या शब्दाचा पत्ताही नव्हता, चिमीने झुरळ मारायच्या आधी पत्ता केला आणि तारीख घातली. झुरळ तेवढ्यात निसटलं.

मी मशीनवरून ऐकत राहायची. दोन महिने गेले, अडीच गेले. खोक्यात तारखांचे पत्ते शंभरच्या वर गेले. माझं नाव आलं नव्हतं. चिमी विषय काढायची नाही, मीही नाही. शिवण टाकताना मनात मात्र यायचं, की झुरळ आलं. झुरळसुद्धा आलं.

एका दुपारी, चार वाजून गेले होते, फोन बटणांच्या खणात होता. मी आत पाण्याला गेले. चिमी बाबांसमोर बसलेली, खोकं स्टुलावर उघडं. पत्त्यांच्या मधे अक्षरांचे उंच कागद लावलेले होते. मी सहज 'ठ' उघडला. ठसका, ठिगळ, आणि त्यांच्या आधी एक पत्ता, कोपरे मळलेला, म्हणजे पुष्कळ वेळा हाताळलेला. चिमीचं रेखीव अक्षर.

'ठकू. पाहा : कात्री, मशीन, राग.'

पाठ कोरी होती.

मी तो पत्ता घेऊन उभी राहिले. कात्री ठीक आहे. मशीन ठीक आहे. अकरा महिने मी ह्या घरात जीभ चावून वावरले. बाह्यांवरून बोलणी खाल्ली, रोपट्याची माफी मागितली, गोळ्यांच्या खुणा केल्या, केशरी रंगाला छान म्हटलं. आणि हिच्या सूचीत माझा पत्ता काय, तर राग.

"राग?" मी म्हटलं. "माझ्या नावापुढे राग? अगं, अकरा महिन्यांत आवाज ऐकलायस माझा? ह्या घरात कोणी बूट घालून बसलं तरी मी गोड बोलते, कोणी चारचे साडेचार केले तरी मी गोड बोलते, आणि तू माझी नोंद करतेस ती अशी? खोड ती! आत्ताच्या आत्ता खोड!"

आवाज कुठच्या कुठे गेला होता. दुकानात कपडे न्यायला आलेल्या एक बाई दाराबाहेर सरकल्या. चिमी माझ्याकडे बघतही नव्हती. ती बाबांकडे बघत होती.

बाबांच्या हातात चिमीने त्या दिवसाच्या शब्दासाठी दिलेलं वर्तमानपत्र होतं. ते त्यांनी खाली घेतलं नाही.

"ठकू," ते म्हणाले, "हळू."

बाबांनी वर्तमानपत्र बाजूला करून माझ्याकडे पाहिलं, जणू आपणच काहीतरी पाडलं आणि ते फुटलं नाही. मग परत एकदा म्हणाले, खात्री करून घेतल्यासारखं, फक्त पहिला शब्द. चिमीने माझ्या हातातून पत्ता काढून घेतला, उलटा केला आणि पेन्सिल शोधू लागली. पेन्सिल तिच्याच कानामागे होती.

पुढच्या मंगळवारी अकरा वाजता तपासणी आहे. चिमीच्या कॅलेंडरमध्ये ती वार आणि वेळेसकट आहे. शिवाय एका चिठ्ठीवर 'मंगळवार, अकरा' लिहून मी ती दाराशी टांगलेल्या बाबांच्या कोटाला टाचली आहे. बूटही कपाटातून बाहेर काढून ठेवलेत.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. तारीख घालून झाल्यावर चिमी म्हणाली, ताई, आता खोडू का तो शब्द? मी तिच्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मग पदराने नाक पुसलं, आणि काही कारण नसताना आणखी थोडी ओरडले.